इटलीच्या किनाऱ्यावर दोन रात्री: कामोली की चिंक्वे तेर्रे?

झुरिकवासी
मंडळी, मेच्या दुसऱ्या वीकांताला शुक्रवार जोडून सुट्टी घेतली आहे. शुक्रवारी निघायचं, रविवारी रात्री परत. मधल्या दोन रात्री इटलीच्या समुद्रकिनारी काढायचा बेत आहे. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि नाशिकहून आलेले बाबा असे चौघं. बाबा ७३ वर्षांचे. सपाटीवर कितीही चालतील, पण पायऱ्या दिसल्या की गुडघ्यांची आठवण होते. पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. बायको मालवणची, तिची एकच अट आहे: मासे. लेकीला दगड आणि पाणी मिळालं की दिवसभर दुसरं काही लागत नाही.

ट्रेननेच जाणार, गाडी काढायची नाही. ऑफिसातल्या एका इटालियन सहकाऱ्याने जेनोवाजवळचं कामोली सुचवलं. बाकी सगळे नातेवाईक एका सुरात 'चिंक्वे तेर्रे' म्हणताहेत, म्हणजे त्याच किनाऱ्यावरची ती पाच प्रसिद्ध गावं. तिथल्या गर्दीचे फोटो बघूनच मला दम लागतो, पण बाबा पुन्हा इकडे कधी येतील कोण जाणे, तेव्हा प्रसिद्ध जागा चुकवू नये असंही वाटतं. कामोलीला कुणी गेलंय का? राहायचं कुठे, बाबांनी खायचं काय, आणि एवढ्या वेळात हे जमतं का?

उंटावरचा_शहाणा
गुहागरला या. पायऱ्या नाहीत, मासे आहेत, बाबांना मोदक आहेत.

झुरिकवासी
@शहाणा, विमानाची चार तिकिटं पाठवा, लगेच निघतो.

मिलानची_माई
मी बरीच वर्षं मिलानमध्ये आहे आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा तिकडे पळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झुरिक ते मिलान सव्वातीन-साडेतीन तास, गोटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून. मिलान ते जेनोवा दीड ते दोन तास. जेनोवाहून किनाऱ्याच्या लोकलने कामोली अर्धा-पाऊण तास. गाड्या बदलण्यातला वेळ धरून दारापासून दारापर्यंत सात तास समजा. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर मध्यरात्र होईल आणि लेक खांद्यावर झोपलेली असेल. सकाळीच निघा.

तिकिटाचं: झुरिक-मिलान गाडीला आरक्षण लागतंच. जेनोवापुढच्या 'रेजिओनाले' गाडीला आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं, आधी काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, आणि मोबाइलवर काढलंत तर चेक-इन करायचं. तिकीट खिशात असूनही दंड भरणारे पर्यटक मी दर उन्हाळ्यात बघते.

अजून एक. स्टेशनचं नाव 'कामोली-सान फ्रुत्तुओसो' आहे. सान फ्रुत्तुओसोचा मठ हे वाचून स्टेशनबाहेर शोधू नका. तो डोंगराच्या पलीकडे आहे, होडीने किंवा पायीच पोचता येतं.

कामोली की चिंक्वे तेर्रे, तर तुमच्या माणसांना कामोली. डोळे मिटून.

केतकी_ब
माईंशी असहमत. दोन दिवसांत पाच गावं आरामात होतात. लेवांतो आणि ला स्पेत्सियाच्या मध्ये सारख्या गाड्या धावतात, कार्ड काढलं की चढा-उतरा. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, कुणाला काही झालं नाही. वेर्नात्झाचा धक्का, मानारोलाची द्राक्षांची ताली... कामोलीत नेमकं काय आहे? एक रस्ता आणि एक चर्च. आणि १९९७ पासून जागतिक वारसा आहे तो, उगाच नाही.

गिरीदुर्ग
केतकीताई, कोर्निल्याला स्टेशन खाली आणि गाव वर. मधल्या पायऱ्या पावणेचारशेच्या वर. बाबांचे गुडघे वाचलेत ना धाग्यात?

केतकी_ब
कोर्निल्याला बस आहे हो. आणि नाहीच जमलं तर ते एक गाव सोडा, चार बघा. एवढ्या लांब जाऊन लोक एकाच धक्क्यावर दोन दिवस बसतात हे मला खरंच कळत नाही.

गिरीदुर्ग
बसची रांग, मग फलाटावरची रांग, मग आइस्क्रीमची रांग. वीकांत संपला.

निवांत_नाना
एकाच धक्क्यावर दोन दिवस बसणं यालाच आम्ही सुट्टी म्हणतो. बाकी चालू द्या.

वेसावकर
मासे आले म्हणून मी आलो. कामोलीला एक वेगळीच गोष्ट आहे, तुमच्या बायकोला नक्की दाखवा. तिथे 'तोन्नारेल्ला' नावाचं एका जागी मांडलेलं जाळं असतं, कामोली आणि पुंता कियाप्पा हे भूशिर यांच्या मधल्या पाण्यात. साधारण एप्रिल ते सप्टेंबर. १७व्या शतकापासून चालत आलेली पद्धत. किनाऱ्याकडून आडवं जाळं लावलेलं असतं, येणाऱ्या माशांची वाट त्याने अडते, मासा वळतो आणि खोलीसारख्या भागात शिरतो. मग कोळी होडीतून येऊन हाताने जाळं वर घेतात, दिवसातून ठरलेल्या वेळी.

मला गंमत वाटली ती ही की हे जाळं काथ्याचं असतं. नारळाचा काथ्या! दर वर्षी कोळी स्वतः विणतात. खरखरीत दोर असल्यामुळे त्याच्यावर शेवाळ धरतं, ते खायला लहान मासे येतात, त्यांच्या मागे मोठे. हंगाम संपला की जाळं कापून तसंच समुद्रात सोडतात, कुजून जातं. आमच्याकडे नायलॉन आलं आणि फाटकी जाळी वर्षानुवर्षं खडकांना लटकून असतात, मासे त्यात अडकून मरतात. तिथल्या इटालियन म्हाताऱ्यांनी काथ्या सोडला नाही.

मालवणी_मेवा
वेसावकरांनू, म्हणजे ही रापणच ना?

वेसावकर
नाय. रापण वेढा घालून किनाऱ्यावर ओढतात, सगळा गाव दोर धरतो. हे जाळं एका जागी उभं असतं, मासा आपणहून येतो. त्यातल्या त्यात जवळचं म्हटलं तर आपली डोल जाळी, पण डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. भूमध्य समुद्रात भरती जेमतेम वीतभर, तिथे डोल मांडलीत तर उपाशी मराल.

मालवणी_मेवा
मस्त माहिती. वाचनखूण साठवली.

चकली_कडबोळी
धागा जाळ्यात अडकायच्या आत मूळ मुद्दा: शाकाहारी बाबांसाठी लिगुरियासारखा (कामोली याच प्रांतात) दुसरा प्रांत नाही. फारिनाता शोधा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. बेसनाचा पोळाच, फक्त मिरची-कोथिंबीर विसरलेला. मिरपूड मागून घ्या.

त्याशिवाय पेस्तो, म्हणजे बेझिलची हिरवी चटणी. हा जेनोवाचाच. त्रोफिये नावाच्या पिळदार पास्त्यात पेस्तोबरोबर बटाटा आणि फरसबीसुद्धा घालतात. पान्सोती म्हणजे रानभाज्या भरलेला पास्ता, वर अक्रोडाची चटणीवजा सॉस. आणि शेजारच्या रेक्को गावाचा चीज भरलेला फोकाच्चा: दोन कागदासारख्या पातळ पोळ्या, मध्ये ताजं मऊ चीज. २०१५ पासून त्याला युरोपचा भौगोलिक मानांकनाचा शिक्का आहे. कामोलीपासून रेक्को लोकलने एक स्टेशन. गेलात आणि खाल्ला नाहीत तर तिकिटाचे पैसे वाया.

शुद्ध_सात्विक
थांबा. 'पक्के शाकाहारी' लिहिलंय. पार्मेजान चीजच्या नियमातच वासराच्या जठरातलं, दूध फाडणारं रेनेट बसतं, त्याशिवाय ते नाव लावता येत नाही. पेस्तोत पार्मेजान असतं, पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीजही असतं. पान्सोतीत चीज आणि बहुतेक ठिकाणी अंडं. रेक्कोच्या चीजचंही विचारूनच खावं लागेल. ही यादी शाकाहारी नव्हे.

चकली_कडबोळी
@शुद्ध_सात्विक, मान्य. पण इतकं खोलात गेलं तर युरोपात फक्त पाणी उरेल. माझ्या आईला आम्ही सांगितलंच नाही, ती सुखाने खाऊन आली.

शुद्ध_सात्विक
आणि ही तुम्ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे का? ज्याने आयुष्यभर एक नियम पाळला त्याला न सांगता खाऊ घालायचं? 'त्यांना कळलं नाही' याचा अर्थ 'त्यांना चाललं' असा होत नाही.

निवांत_नाना
आता बटाटावड्याच्या तेलापर्यंत जाऊ नका म्हणजे मिळवली.

आडवा_छेद
शुद्ध_सात्विक यांना +१. सूर चढा आहे, पण मुद्दा बरोबर आहे. बाबांना सांगा, ते ठरवतील. ७३ वर्षांचा माणूस आहे, लहान मूल नाही.

झुरिकवासी
बाबांना आत्ताच विचारलं. ते हा धागा माझ्या मागून वाचतच होते. म्हणाले, "चीज बंद. तो पोळा कुठे मिळतो ते लिहून घे." मग म्हणाले, "आणि त्या वसईच्या माणसाला विचार, काथ्या येतो कुठून?"

वेसावकर
वसई नाय हो, वेसावा! बाबांना नमस्कार सांगा. काथ्या तिथे पिकत नाही, बाहेरूनच आणावा लागतो, दोर वळून येतो, विणकाम तिथलं. आलात तर धक्क्यावर कुणी विणत बसलेलं दिसेल, बाबांना तिथेच बसवा. दोन तास हलणार नाहीत.

मिलानची_माई
बाबांसाठी: फारिनाता निश्चिंत खा, त्यात चीज-अंडं काही नसतं. साधा तेलमिठाचा फोकाच्चा विचारून घ्या, इथे बहुधा ऑलिव्ह तेलच वापरतात पण काही ठिकाणी चरबी घालतात. पास्ता मागवताना "सेन्झा फोर्माज्जो" (चीजशिवाय) म्हणा, टोमॅटोचा साधा पास्ता कुठेही करून देतात. मुख्य अडचण वेळेची आहे. स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं ते साडेसातला उघडतं. मधल्या वेळात बेकरी हाच आधार. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेला दिसेल, दोन-तीन युरो, ते टेबलाचं शुल्क. फसवणूक नाही, भांडू नका. नळाचं पाणी मागितलं तर चेहरे बघण्यासारखे होतात.

पोटोबा_आधी
थेपले, मेतकूट, लिंबाचं लोणचं. एक इलेक्ट्रिक किटली. विषय संपला.

जेनोवाची_लेक
एवढे प्रतिसाद आले आणि मुख्य गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही? झुरिकवासी, तारीख बघा! मेचा दुसरा रविवार म्हणजे कामोलीचा माशांचा उत्सव, 'साग्रा देल पेशे'. १९५२ पासून चालू आहे. धक्क्यावर जवळजवळ ४ मीटर व्यासाची कढई मांडतात. हो, चार मीटर. लांबच लांब दांडा असतो तिला. त्यात मासे तळतात आणि वाटतात. कोळ्यांचा रक्षक सान फोर्तुनातो, त्याचा हा सण. आदल्या रात्री किनाऱ्यावर लाकडांचे प्रचंड मनोरे रचून पेटवतात, गावातल्या दोन आळ्यांची त्यात चुरस, कुणाचा मनोरा उंच आणि कुणाचा देखणा. जुन्या निवृत्त कढया गावात भिंतीवर टांगलेल्या आहेत.

बायको खूश होईल. पण राहायला जागा मिळेल का, हा प्रश्न आहे. आणि रविवारी तुम्हाला त्याच गर्दीतून स्टेशन गाठायचंय.

केतकी_ब
म्हणजे गर्दी टाळायला म्हणून कामोली निवडलं आणि वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस निघाला? 😂 मी काही बोलत नाही.

झुरिकवासी
अरे देवा. आणि सहकारी हसत हसत म्हणाला होता, "तुझी तारीख छान आहे". आता कळलं. बायकोने मात्र निर्णय दिला आहे: तारीख हलणार नाही, चार मीटरची कढई बघायचीच.

सागरगोटे
मग कामोलीत राहू नका. पुढचं स्टेशन सांता मार्गेरिता लिगुरे, डोंगराच्या बोगद्यातून पाच-सात मिनिटं. समुद्रालगतचा रस्ता सपाट आहे, बाकं आहेत, बाबा सकाळी फेरी मारू शकतील. हॉटेलं जास्त. शनिवारी रात्री मनोरे बघून लोकलने परत, रविवारी सकाळी पुन्हा.

कामोलीत राहायचंच असेल तर एक तपासा. तिथली घरं उतारावर, पाच-सहा मजली. काही घरांना खालच्या बाजूने धक्क्याकडून आणि वरच्या बाजूने गल्लीतून अशी दोन दारं. जाहिरातीत 'पहिला मजला' लिहिलेला असतो, पण कुठल्या दारापासून पहिला ते लिहिलेलं नसतं. एका मालकाने आम्हाला 'लिफ्ट आहे' सांगितलं होतं. लिफ्ट होती. तिच्यापर्यंत पोचायला तीन डझन पायऱ्या चढाव्या लागत होत्या. बुकिंगआधी थेट विचारा: रस्त्यापासून अंथरुणापर्यंत एकूण पायऱ्या किती?

गिरीदुर्ग
"रस्त्यापासून अंथरुणापर्यंत" 👏 हा प्रश्न प्रत्येक बुकिंग साइटवर असायला हवा.

हिशेबी_हरी
शुक्रवार म्हणजे इटलीत संपाचा लाडका वार. बऱ्याचदा गुरुवारी रात्री नऊला सुरू होऊन शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर यादी असते, ती आठवड्याआधी बघा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरलेल्या लोकल चालवाव्याच लागतात. रविवारी ही सवलत नाही. म्हणून शुक्रवारपेक्षा रविवारचा संप जास्त महागात पडतो.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे एसटीचा संप आणि इटलीचा संप यात फरक एवढाच की तो वेळेवर होतो.

पर्यटक_नव्हे_प्रवासी
पोर्तोफिनोबद्दल कुणीच कसं बोललं नाही? सांता मार्गेरिताहून बस जाते, होडीही जाते. एवढं जवळ जाऊन सोडणार?

जेनोवाची_लेक
सोडा. छान आहे, पण एका कॉफीत महिन्याचा भाजीपाला निघेल. २०२३ साली तिथल्या महापौरांनी फोटोसाठी अडून राहणाऱ्यांना आवरायला काही जागा 'थांबायला मनाई' म्हणून ठरवल्या, दंड २७५ युरोपर्यंत. तुमची लेक दगड वेचायला बसली तर? 🙂

त्याऐवजी शनिवारी सकाळी कामोलीहून होडीने सान फ्रुत्तुओसो. साधारण अर्धा तास. डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि त्या बेचक्यात एक जुना बेनेडिक्टिन मठ, समोर चिमुकला गोट्यांचा किनारा, बस. मोटाररस्ता नाहीच. आत दोरिया घराण्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडी समाध्या आहेत. १९८३ पासून मठ इटलीच्या वारसा जपणाऱ्या न्यासाकडे आहे.

त्याच खाडीत पाण्याखाली साधारण १७ मीटरवर येशूचा ब्राँझचा पुतळा आहे, हात वर पसरलेला. गालेत्ती नावाच्या शिल्पकाराचा, १९५४ साली बुडवला. दारिओ गोन्झात्ती हा पाणबुडा १९४७ मध्ये तिथेच गेला, त्याच्या आठवणीत. जुलैअखेर पाणबुडे खाली जाऊन त्याला पानांचा मुकुट घालतात. पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी चर्चमध्ये त्याची प्रतिकृती ठेवली आहे.

मिलानची_माई
होडीबद्दल एक सावधगिरी. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात आणि तुम्ही तिकडे असाल तर उरतो तो डोंगर. कामोलीकडे परतायची एक वाट कड्यावरून, साखळ्या धरून जाते. बाबांसाठी विचारही करू नका. दुसरी वाट बरी, पण तीही अडीच-तीन तासांची आणि चढाची. तेव्हा सकाळीच धक्क्यावर विचारा, परतीच्या वेळा लिहून घ्या आणि शेवटच्या होडीवर विसंबू नका. चढ-उतरायला लाकडी फळी असते, खलाशी हात देतात.

गिरीदुर्ग
ती साखळ्यांची वाट मी केली आहे. पाऊस पडून गेला असेल तर तरुणांनीही टाळावी. पण कामोलीच्या वर असलेल्या सान रोक्कोपर्यंत बाकीच्यांनी चढून यावं, तिथल्या चर्चच्या ओट्यावरून सगळा उपसागर दिसतो. बाबा खाली काथ्याजवळ बसतील तेवढा वेळ तुम्ही जाऊन येऊ शकता.

चिमणचारा
सहा वर्षांच्या मुलीची आई म्हणून: मेमध्ये पाणी बर्फासारखं नसलं तरी झोंबतं, डुंबायचं मनात धरू नका. किनारा गोट्यांचा आहे, रबरी बूट घ्या. पण दगड वेचायला याहून चांगला किनारा नाही, हिरवे, गुलाबी, पांढऱ्या रेघांचे, लाटांनी घासून गुळगुळीत. बॅगेचं वजन सांभाळा.

मुलांसाठी तिथे एक भारी खेळ आहे. धक्क्यावरच्या घरांच्या भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवलेल्या असतात. झडपा, नक्षीच्या चौकटी, कोनाडे, सगळं रंगाचं. चौकटीखाली रंगवलेली सावलीसुद्धा. खऱ्या खिडकीची सावली दुपारनंतर सरकते, रंगवलेली जागच्या जागी, तेव्हा चोरी पकडली जाते. आमच्या पोराने मान दुखेपर्यंत खऱ्या किती खोट्या किती ते मोजलं.

पाऊस लागला तर जेनोवाचं मत्स्यालय, १९९२ पासूनचं, जुन्या बंदरात. अर्धा दिवस सहज जातो.

आडवा_छेद
गुडघ्यांसाठी अजून एक पर्याय: नेर्वी. जेनोवाच्याच पोटात, कामोलीच्या वाटेवर. स्टेशनातून बाहेर पडलं की समुद्राच्या कड्यावरचा फरसबंद रस्ता, जवळजवळ २ किलोमीटर, खाली लाटा, एका बाजूला बागा. शुक्रवारी पोचलात की पहिली संध्याकाळ तिथे घालवा आणि मग पुढच्या लोकलने मुक्कामी जा.

केतकी_ब
बरं, हरले. पण पुढच्या वेळी चिंक्वे तेर्रे करा. रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'व्हिया देल्लामोरे' वाट २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली होती, २०२४ ला पुन्हा उघडली. ती सपाट आहे, बाबांनाही झेपेल. कोर्निल्या वगळून. 😄

गिरीदुर्ग
तहाचा स्वीकार.

पोटोबा_आधी
तळलेले मासे कुठले असतात त्या कढईत? कुणी सांगेल का? महत्त्वाचे प्रश्न मागे राहतात.

वेसावकर
छोटेच, बोटभर. तिथल्या अच्युगे, म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातल्या, कधी दुसरे. मसाला शून्य. पीठ, तेल, मीठ, लिंबू. मालवणच्या वहिनींनी तिरफळाची पूड खिशात न्यावी. इतर दिवशी हॉटेलात भरलेल्या अच्युगे मागवा, त्या खरंच चांगल्या करतात.

झुरिकवासी
मंडळी, जेवढं मागितलं त्याच्या दसपट मिळालं. आत्तापर्यंत ठरलेलं असं:

शुक्रवारी सकाळी झुरिक सोडायचं, दुपारी नेर्वीला उतरून बाबांचा रस्ता, मग सांता मार्गेरिता. खोली पाहून ठेवली आहे, मालकिणीला सागरगोटे यांचा प्रश्न पाठवला. उत्तर आलं, "रस्त्यापासून अंथरुणापर्यंत चार पायऱ्या, आणि का विचारताय?" शनिवारी सकाळी कामोलीहून होडी आणि मठ, दुपारी रेक्कोला आम्हा तिघांचा चीजवाला फोकाच्चा आणि बाबांना जिथे मिळेल तिथे पोळा. रात्री मनोरे. रविवारी सकाळी कढई आणि दुपारी परत. पोर्तोफिनो गाळलं. बाबांनी स्वतःचा एक कलम घातला आहे: काथ्याचं जाळं विणताना कुणी दिसलं तर त्यांना घाई करायची नाही.

मिलानची_माई
शनिवारी फारिनाता दुपारीच मिळेल याची खात्री नाही, भट्टी पेटते तेव्हाच मिळतो, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी. त्याला संध्याकाळसाठी ठेवा.

रविवारी मात्र दुपार म्हणजे किती वाजता? मिलानहून झुरिकला जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांना आरक्षण लवकर भरतं आणि उत्सवाच्या दिवशी कामोलीच्या फलाटावर पहिल्या लोकलमध्ये चढायला मिळेल असं धरू नका. बाराच्या आत स्टेशनवर या. शक्य असेल तर सामान सांता मार्गेरितालाच ठेवून, कढई बघून, तिकडे परत जाऊन तिथूनच जेनोवाची गाडी पकडा. कामोलीला ती गाडी भरलेली येईल, पण तुम्ही आधीच बसलेले असाल.

झुरिकवासी
हे डोक्यातच आलं नव्हतं. मालकिणीला विचारतो, बॅगा दुपारपर्यंत ठेवता येतील का. झुरिकची आरक्षणं आज रात्रीच करतो.